फोल्डस्कोप: कागदी सूक्ष्मदर्शक खरंच चालतो, पण काचपट्टी नीट बनवली तरच

कागदाच्या घड्यांतून पेशी दिसतात असं कुणी सांगितलं की हे खेळणंच असणार, असं वाटतं. फोल्डस्कोप खेळणं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तो विकसित केला आणि २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात आला. त्यातला दावा असा होता की सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्याही आत बसतो. आज विकत मिळणाऱ्या संचात भिंगाखेरीज बरंच काही येतं, त्यामुळे त्याची किंमत अर्थातच जास्त असते. आतापर्यंत जगभर दहा लाखांहून अधिक फोल्डस्कोप वाटले किंवा विकले गेले आहेत. त्यातले किती महिन्याभरात कपाटात गेले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण तो आकडा मोठाच असणार आणि त्याचा दोष बहुतेक वेळा भिंगाचा नसतो.

आधी यंत्राबद्दल. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात दोन भिंगं एकामागे एक असतात. इथे एकच, गोटीसारखं गोल, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर व्यासाचं भिंग आहे. तत्त्व जुनंच आहे: सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूकने एकाच भिंगाच्या पितळी पट्ट्यांतून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले ते असेच. त्याच्या आज शिल्लक असलेल्या भिंगांपैकी सर्वांत ताकदीचं सुमारे २७० पट मोठं दाखवतं. फोल्डस्कोप १४० पट दाखवतो. त्याची तपशील वेगळे दाखवण्याची मर्यादा सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. याहून जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात.

खरेदीचा निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यावा, पहिल्यावर नाही. प्लॅस्टिकच्या स्वस्त सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यावर १२०० पट वगैरे छापलेलं असतं. पण भिंगाने तपशीलच पकडला नसेल, तर तो धूसर डाग कितीही मोठा केला तरी मोठा धूसर डागच मिळतो. त्या मानाने १४० हा आकडा प्रामाणिक आहे.

या मर्यादेत काय बसतं? कांद्याच्या पापुद्र्याची पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, ती ठसठशीत दिसते. गालाच्या आतली पेशी ५० ते ६० मायक्रॉनची, केंद्रकासह दिसते. डबक्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांपैकी पॅरामीशियम पाव मिलिमीटरचा, रोटिफर त्याच्याच आगेमागे, युग्लीना ५० मायक्रॉनची. परागकण बहुतेक १० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान, जास्वंदीचे तर त्याहूनही मोठे आणि काटेरी. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची. ती गोल ठिपका म्हणून दिसते, त्यापलीकडे फार नाही. जिवाणू मात्र विसरा. एक-दोन मायक्रॉनचा जिवाणू मर्यादेच्या अलीकडे-पलीकडेच घुटमळतो. ‘दह्यातले जिवाणू दिसले’ असं सांगणाऱ्याला बहुधा स्निग्धाचे थेंब दिसलेले असतात.

जोडणी

संच सपाट तक्त्याच्या रूपात येतो. भाग खुणेवरून सोडवायचे, घड्या घालायच्या, एकमेकांत अडकवायचे. सवकाशीने केलं तर अर्धा-पाऊण तास. कागद नेहमीचा नाही, कृत्रिम आहे. पाण्याने भिजत नाही आणि हाताने फाटत नाही. त्यामुळे घाबरत घड्या घालायचं कारण नाही, उलट घाबरल्यामुळेच जोडणी बिघडते. अर्धवट घडी पुन्हा उघडू पाहते, दोन थरांमध्ये फट राहते आणि मग फोकस एका जागी टिकत नाही. प्रत्येक घडी नखाने किंवा पट्टीच्या कडेने दाबून धारदार करावी. भिंगाचा भाग सगळ्यात शेवटी हातात घ्यावा, तोही कडेने धरून. त्या इवल्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा पडला, की पुढचं सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं.

जोडणी बरोबर झाली की नाही हे काचपट्टी (नमुना ठेवायची काच, स्लाइड) न घालताच तपासता येतं. भिंगाला डोळा लावून उजेडाकडे बघावं. एकसारखं उजळ वर्तुळ दिसलं तर भिंग आणि उजेडाचं भोक एका रेषेत आहेत. चंद्रकोर दिसली तर कुठलातरी थर सरकलेला आहे.

फोकस करायला एक उताराची पट्टी असते. ती पुढे-मागे सरकवली की काचपट्टी आणि भिंग यांतलं अंतर केसाएवढं बदलतं. सुरुवातीला सगळे ती एकदम सर्रकन ओढतात आणि चित्र येऊन गेलेलं कळतही नाही. पट्टी एका टोकाला न्यावी आणि तिथून अगदी हळू उलट यावं. इकडेतिकडे पाहण्यासाठी अंगठ्यांनी काचपट्टी सरकवायची. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची सवय असलेले इथे एक गोष्ट विसरतात: त्यात चित्र उलटं असतं, म्हणून पट्टी डावीकडे नेली की चित्र उजवीकडे जातं. इथे एकच भिंग आहे, चित्र सुलटं, पट्टी जाईल तिकडेच चित्र जातं.

डोळा भिंगाला जवळजवळ टेकला पाहिजे, पापणीचे केस कागदाला लागतील इतका. चार बोटं लांब धरून बघणाऱ्याला मध्यभागी फक्त एक चकाकता बिंदू दिसतो आणि तो यंत्रालाच नावं ठेवतो. चष्मा काढून ठेवावा. जवळचा किंवा लांबचा नंबर फोकसमध्ये भरून निघतो, दंडगोलाकार (सिलिंड्रिकल) नंबर मात्र नाही. दुसरा डोळा उघडाच ठेवावा, मिटला तर दोन मिनिटांत कपाळ दुखतं. उजेडासाठी मोकळं आकाश, पांढरी भिंत किंवा दिवा चालतो. सूर्याकडे कधीही रोखू नये. भिंग सूर्याचा उजेड एकवटून थेट डोळ्यात सोडतं. मुलांच्या हाती देताना आधी हेच सांगावं.

काचपट्टी उलटी घातली तर काहीच दिसणार नाही

‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १४० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) काढायला २५० मिलिमीटरला, म्हणजे उघड्या डोळ्याने जवळचं स्पष्ट पाहण्याच्या अंतराला, १४० ने भागायचं: साधारण १.८ मिलिमीटर. हे अंतर भिंगाच्या मध्यापासूनचं. भिंग गोल असल्यामुळे त्यातून त्याची त्रिज्या वजा करावी लागते, म्हणजे जवळपास १.२ मिलिमीटर. उरलं अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त. नमुना भिंगापासून एवढ्याच अंतरावर असायला हवा. साधी काचपट्टी १ मिलिमीटर जाड असते. ती उलटी घातली, म्हणजे नमुना पलीकडे आणि काच भिंगाकडे, तर नमुना फोकसच्या टप्प्यातच येत नाही. वरून ठेवायची आच्छादक काच मात्र ०.१३ ते ०.१७ मिलिमीटरच असते. म्हणून आच्छादक काच नेहमी भिंगाच्या बाजूला. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

उरलेल्या निम्म्या तक्रारी जाडीच्या असतात. उजेड खालून नमुन्यातून आरपार यावा लागतो. पानाचा तुकडा तसाच ठेवला तर काळा डाग दिसणार, मुंगी ठेवली तर मुंगीची सावली. नमुना एका पेशीच्या थराएवढा पातळ हवा. फोल्डस्कोप घेणं म्हणजे काचपट्ट्या बनवायला शिकणं, ही गोष्ट संचाच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती.

कांद्याचा पापुद्रा सुरुवातीसाठी उत्तम. मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूची पारदर्शक त्वचा चिमट्याने सोलावी. नखाएवढा तुकडा पुरे. पट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात पापुद्रा सुरकुती न पडू देता पसरावा. आच्छादक काचेची एक कड थेंबाला टेकवून ती तिरकी ठेवावी आणि सुईच्या टोकावर अलगद खाली येऊ द्यावी. सरळ वरून टाकली की खाली हवा अडकते. बुडबुडे जाड काळ्या कडेची नेटकी वर्तुळं म्हणून दिसतात. नवखे लोक त्यांनाच पेशी समजून फोटो काढतात. काठाबाहेर आलेलं पाणी टिपकागदाने शोषून घ्यावं, नाहीतर ते भिंगापर्यंत पोचतं.

बिनरंगाच्या पापुद्र्यात भिंतींची जाळी दिसते, केंद्रक जेमतेम. जखमेवर लावायच्या आयोडिनचा एक थेंब पाच-सहा थेंब पाण्यात मिसळून तो आच्छादक काचेच्या एका काठाशी ठेवावा आणि समोरच्या काठाला टिपकागद लावावा; रंग आपोआप आत ओढला जातो. दोन-तीन मिनिटांत केंद्रकं पिवळट तपकिरी होतात. गालाच्या पेशींसाठी मेथिलीन ब्लू जास्त चांगलं. शोभेच्या माशांच्या औषधात ते असतं. ते फिकट निळं होईपर्यंत पातळ करावं. गडद ठेवलं तर सगळं एकरंगी निळं होऊन काही कळत नाही.

पानाची पर्णरंध्रं पाहायला पान कापायची गरजच नाही. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, मग त्यावर चिकटपट्टी दाबून तो उचलून घ्यावा आणि पट्टीवर चिकटवावा. पानाचा ठसा निघतो, त्यात ओठांसारखी रंध्रं स्पष्ट दिसतात. लव असलेल्या पानांवर हा प्रयोग फसतो. नुसते केस उपटून येतात, तेही बघण्यासारखे असतात म्हणा.

चिकटपट्टीबद्दल एक सूचना. कागदी पट्टीला भोक पाडून दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावली की झटपट काचपट्टी होते आणि प्रवासात तीच सोयीची. पण चिकटपट्टी काचेसारखी स्वच्छ हवी. कागदावर लावल्यावर दिसू नये म्हणून बनवलेली धुरकट पट्टी उजेड विखुरते आणि चित्र पांढुरकं होतं. शिवाय गोंदातले बारीक फुगे सगळ्या चित्रावर पुरळ उठल्यासारखे दिसतात. वाळलेल्या गोष्टींना ही पट्टी ठीक, पाण्यातल्या जिवांना काचच.

केस, धागे आणि परागकण कोरडे ठेवले तर काळ्या कडांचे दिसतात. कारण हवा आणि वस्तू यांच्यात उजेड फार वळतो. ग्लिसरीनच्या थेंबात तेच बुडवले की कडा विरघळतात आणि आतलं दिसू लागतं. परागकण साध्या पाण्यात ठेवले तर काही जातींचे पाणी शोषून फुटतात, ग्लिसरीनमध्ये टिकतात. कपड्यांचे धागे हा तर न संपणारा विषय: कापूस पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा, लोकर खवल्यांची, पॉलिस्टर एकसारखी गुळगुळीत काचेची कांडी. कपड्यावरच्या लेबलाचा खरेखोटेपणा बऱ्याचदा पाच मिनिटांत कळतो.

डबक्याचं पाणी

तळाचा गाळ आणि पाणवनस्पतींना चिकटलेला बुळबुळीत थर, यांच्या सीमेवरचं पाणी घ्यावं. वरवरचं स्वच्छ पाणी घेऊन ‘यात काही नाही’ म्हणणारे बरेच. ड्रॉपरने एक छोटा थेंब, वर काच. पॅरामीशियम सेकंदाला मिलिमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे दिसला म्हणेपर्यंत दृष्टीबाहेर. त्यासाठी कापसाचे चार-सहा तंतू विंचरून थेंबात ठेवावेत. त्या जाळीत जीव अडतात आणि काच खाली दाबलीही जात नाही. आच्छादक काचेखालचं पाणी पंधरा-वीस मिनिटांत आटू लागतं. जास्त वेळ पाहायचं असेल तर काचेच्या चारही कडांना पेट्रोलियम जेलीचा बारीक लेप द्यावा. मग तास-दोन तास मंडळी जिवंत राहतात.

भिंतीवरचं वाळलेलं मॉस रात्रभर पाण्यात भिजवून पिळलं, तर त्या पाण्यात जलअस्वल मिळण्याची बरी शक्यता असते. आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा हा जीव सावकाश चालतो, त्यामुळे फोल्डस्कोपला फार सोयीचा. पहिल्या थेंबात सापडेलच असं नाही. आठ-दहा थेंब शोधायची तयारी ठेवावी.

पाहताना काही गोष्टी फसवतात. काचपट्टी सरकवल्यावरही जागचा न हलणारा डाग भिंगावरच्या धुळीचा. डोळा फिरवला की मागोमाग तरंगत येणाऱ्या धूसर माळा स्वतःच्या डोळ्यातल्या, पाण्यातल्या नव्हेत. सगळे कण एकाच दिशेने वाहत असतील तर ते पोहत नाहीत, काचेखाली पाण्याचा प्रवाह चालू आहे. आणि चित्राची कड धूसर, मध्य तेवढा धारदार, हा बिघाड नाही. गोल भिंगाचा तो स्वभाव आहे. कडांवर निळ्या-केशरी रेषाही येतात. ज्याला सगळं वर्तुळ एकसारखं स्वच्छ हवं, त्याने हे यंत्र घेऊ नये.

फोन जोडून

चुंबकाची चकती फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची, तिची जोडी फोल्डस्कोपवर. कल्पना फार छान. व्यवहारात चकतीचा मध्य कॅमेऱ्याच्या मध्याशी जुळला नाही, तर अर्धं चित्र काळं पडतं. म्हणून चिकटवण्याआधी फोनवर कॅमेरा सुरू करून, हाताने धरून जागा ठरवावी आणि मगच कागद सोलावा. दोन-तीन कॅमेरे असलेल्या फोनची आणखी एक खोड असते: जवळची वस्तू दिसताच तो परस्पर दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो. मॅक्रो मोड बंद करावा, मुख्य कॅमेरा ठेवून दुप्पट झूम करावा, पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत. फ्लॅशचा उपयोग शून्य. हलणाऱ्या जिवांचे फोटो काढण्यापेक्षा चित्रफीत घेऊन त्यातली धारदार चौकट निवडावी.

संचात एलईडी दिवा असेल तर तो घ्यावाच. ढगाळ दिवशी आणि रात्री त्याच्याशिवाय काही होत नाही. मात्र तो थेट लावला की प्रखर होतो, पारदर्शक पेशी उजेडात हरवतात. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवला की काम भागतं. आणि मापाची सोय आपणच करावी: पारदर्शक फिल्मवर अर्ध्या मिलिमीटर अंतराच्या रेषा छापून तिचा त्याच झूमवर एक फोटो घेऊन ठेवला, की पुढच्या प्रत्येक फोटोतली वस्तू किती मायक्रॉनची ते काढता येतं.

ज्यांना शास्त्रापेक्षा रंगांची हौस जास्त, त्यांच्यासाठी स्फटिक. चिमूटभर शुद्ध क जीवनसत्त्वाची पूड थोड्या पाण्यात विरघळवून त्याचा पातळ थर काचपट्टीवर रात्रभर वाळवावा. फोल्डस्कोप एलसीडी संगणकाच्या पांढऱ्या पडद्याकडे धरावा, कारण त्या पडद्याचा उजेड आधीच ध्रुवित (पोलराइज्ड), म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा असतो. भिंग आणि फोनचा कॅमेरा यांच्यामध्ये ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्मचा तुकडा ठेवून तो हळूहळू फिरवावा. एका कोनात पार्श्वभूमी काळी होते आणि स्फटिक मोरपंखी, केशरी, जांभळे उजळतात. रंग थराच्या जाडीवर ठरतो, त्यामुळे दोन पट्ट्या कधी सारख्या येत नाहीत. मिठावर हा खेळ चालत नाही, त्याचे घन काळेच राहतात. त्यांची रचना सर्व दिशांनी सारखी असल्याने ध्रुवित उजेडात फरक पडत नाही. यासाठी चिकटपट्टीची काचपट्टी वापरू नये, पट्टीच्या प्लॅस्टिकचेच रंग मध्ये येतात.

आता घ्यावा की नाही. टेबलावर बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून तासन्‌तास काम करायचं असेल, तर तेवढे पैसे साठवून धातूच्या सांगाड्याचा, ४०, १०० आणि ४०० पटींचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक घ्यावा. फोल्डस्कोप हातात धरूनच पाहावा लागतो आणि दहा मिनिटांत मान दुखू लागते. चार जणांनी आळीपाळीने बघायचं म्हटलं तर प्रत्येकाने पुन्हा फोकस करायचा. नाणी, किडे, सर्किट बोर्ड असं वरून उजेड पाडून बघायचं असेल तर यूएसबीचा कॅमेरा बरा. पण खिशातून काढून डबक्याच्या काठावरच थेंब पाहायचा असेल, पडला तर फुटू नये, भिजला तर बिघडू नये, असं हवं असेल तर याला तोड नाही. सहाव्या-सातव्या इयत्तेपासून पुढची मुलं तो स्वतः जोडू शकतात. त्याहून लहानांना फोनवरून दाखवावं, कारण एक डोळा टेकवून फोकस करणं त्यांना जमत नाही आणि ती कंटाळतात.

साध्या आणि भरलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या संचांपैकी साधा घेऊन उरलेल्या पैशांत शंभर आच्छादक काचांची डबी, टोकदार चिमटा, दोन ड्रॉपर आणि ग्लिसरीनची छोटी बाटली घ्यावी. आच्छादक काचा फार फुटतात, डबी लवकर संपते. भिंग मळलं तर आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग कानकाडीच्या कापसाला अगदी किंचित अल्कोहोल लावून एकदाच टिपावं. घासू नये. उताराची पट्टी वर्षभराच्या वापराने सैल पडते. तिच्याखाली साध्या कागदाची चिंचोळी घडी सरकवली की पुन्हा घट्ट होते.